स्वल्प थांबा

आषाढ लागला की या बेंगळूर शहरात वारं सुटतं. पाऊस इथे तसाही बेताबेताने येतो, पण आषाढातलं वारं मनापासून येतं. बेळ्ळंदूरच्या आमच्या अकराव्या मजल्यावर ते खिडक्यांच्या फटींतून शिट्ट्या घालतं, दोरीवरचे कपडे चिमट्यांसकट उडवून खालच्या गाड्यांवर नेऊन टाकतं, आणि माझं डोकं फिरतं. कपड्यांमुळे नाही. हे वारं सुटलं की मला आमचं जुनं परसदार आठवतं, त्यातली कोंबडीची तीन पिल्लं आठवतात, आणि इतक्या वर्षांनंतरही तेवढाच राग येतो. राग जुना झाला की निवतो असं लोक सांगतात. माझा निवला नाही. खरं सांगायचं तर मी तो निवू दिला नाही.

जयनगरच्या साड्यांच्या दुकानांवर या दिवसांत 'आषाढ सेल'चे फलक लागतात. इथे आषाढात कोणी लग्नकार्य काढत नाही, नवी सून सासरी ठेवत नाहीत, मग साड्या खपायच्या कशा. पण आमच्या घरांत, म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी मराठा फौजेच्या घोड्यांच्या मागून इकडे आलेल्या आणि इथेच रुजलेल्या मराठी घरांत, या महिन्याचं नाव आखाड. श्रावण लागायच्या आत कोंबडं कापायचं, नातेवाईक गोळा करायचे, घाम फुटेस्तोवर तिखट जेवायचं. त्यामुळे आमच्याकडे एकाच महिन्यात साड्या स्वस्त होतात आणि कोंबड्या महाग.

दर आषाढात माझ्या चुलतभावाचा, रघूचा फोन येतो. आखाडाचं जेवण आहे, अस्सल नाटी कोळी आणलीय, अण्णा तुझी सारखी आठवण काढतात, ये. नाटी कोळी म्हणजे इथल्या कन्नडात गावरान कोंबडी. पुण्याहून बदली होऊन आलेल्या माझ्या ऑफिसातल्या एका मुलीला मी एकदा सांगितलं, उद्या भावाकडे नाटी कोळी आहे. तिने विचारलं, कोण आहेत ते, समुद्राकडचे का. मी खूप हसले. रघूला मात्र दर वर्षी मी हसत नाही. काम आहे म्हणते आणि फोन ठेवते.

या वर्षी फोन आला तेव्हा अक्का शेजारीच होती. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, रुक्मा. नात्याने माझी आत्या, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून आम्हीही अक्काच म्हणत आलो. ती आता माझ्याजवळ राहते. तिला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, उजव्याने मात्र तिला हवं ते सगळं ऐकू येतं. रघूचं बोलणं तिने बरोबर ऐकलं आणि कपाट उघडून साडी शोधायला लागली. मी म्हणाले, आपण जाणार नाही आहोत. ती म्हणाली, "तू तुझा राग घरी ठेव गं. मी जेवून येते."

 तिच्या वतीने मी तीस वर्षं राग सांभाळतेय आणि तिला पिवळी साडी नेसावी की हिरवी हा प्रश्न पडलाय.

आमचं जुनं घर जयनगरच्या कडेला होतं. पुढे सिमेंटचं अंगण, मागे परस. परसाची भिंत म्हणजे उभ्या रोवलेल्या दगडी फळ्या, त्यांच्या फटींतून पलीकडच्या नंजम्माच्या घरातलं सगळं दिसायचं आणि तिला आमचं. एक शेवगा, एक सीताफळ, धुण्याचा दगड, आणि वडिलांनी कारखान्यातून आणलेल्या खोक्याच्या फळ्या ठोकून केलेलं खुराडं. नव्वदच्या दशकात शहराच्या इतक्या आतही घरोघर कोंबड्या असायच्या. सकाळी दूध आणायला निघालं की पायात यायच्या. आज त्याच गल्लीत पाय ठेवायला जागा नाही आणि कोंबडी फक्त फ्रीजरमध्ये मिळते, पाकिटावर 'शंभर टक्के नाटी' असं छापून. कोणी बघितलंय तिला जिवंत, कोणी ठरवली तिची जात, हे मात्र त्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

त्या वर्षी मी नववीत होते. संक्रांत होऊन गेली आणि अक्का होसकोट्याहून माहेरी आली, एका पिशवीनिशी, डाव्या कानात कापूस घालून. नवऱ्याने मारलं होतं. आईने कापूस काढला, पुन्हा घातला, आणि चहा ठेवला. कोणी काही विचारलं नाही. विचारायचं काम अण्णांचं होतं. अण्णा म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, रघूचे वडील, घरातला शेवटचा शब्द. ते संध्याकाळी आले, कानाकडे बघितलं, आणि नवरा-बायकोत असं चालायचंच, निवळेल सगळं, म्हणाले. एवढंच. माझे वडील मान हलवत बसले. वडिलांना मी कधीही अण्णांसमोर मान आडवी हलवताना पाहिलं नाही.

पण अक्का परत जाईना. अण्णांनी समजावलं, दटावलं, दोन दिवस अबोला धरला. शेवटी अक्का म्हणाली की मी तुमच्यावर बोजा होणार नाही, परसात कोंबड्या वाढवते, नंजम्माच्या बहिणीच्या खानावळीत रोज अंडी लागतात, ती माझ्याकडून घ्यायला तयार आहे. अण्णा हसले. मग म्हणाले, सरी, म्हणजे ठीक आहे. दसऱ्यापर्यंत तुझ्या कोंबड्या अंड्यांवर आल्या आणि तू आपलं आपण भागवायला लागलीस तर राहा. नाहीतर मी स्वतः तुला सासरी नेऊन पोचवणार. सगळ्यांसमोर म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. म्हणजे अक्काने इथे राहायचं की त्या माणसाकडे परत जायचं, हे आता कोंबड्यांवर ठरणार होतं. मला तेव्हाच ते भयंकर वाटलं होतं, पण निदान काहीतरी मुदत होती. दसरा लांब होता.

अंडी नंजम्माने दिली. तिचा मुलगा हेब्बाळकडे गुरांच्या दवाखान्यात कामाला होता, त्याने कुठून तरी नव्या जातीची उबवायची अंडी आणली होती. मोठी, तपकिरी, हातात जड लागणारी. जातीचं नाव गिरिराजा. नंजम्मा सांगायची, ही कोंबडी मोठी होते, नाटीच्या दुप्पट, अंडीही जास्त देते, फक्त स्वतः उबवायला बसत नाही. आमच्याकडे एक काळी गावरान कोंबडी नेमकी खुडूक होऊन बसली होती. तिच्याखाली अक्काने ती परकी अंडी सरकवली. काळीने मान वाकडी करून एकदा बघितलं आणि पंख पसरले. तिने जात विचारली नाही.

उगादीच्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास अंडी फुटायला लागली. आदल्या दिवशी अक्का परसात उकिडवी बसली होती, एक अंडं कानाला लावून. आतून पिल्लू टोचतं तेव्हा बारीक टिकटिक होते म्हणे. तिने सवयीने डाव्या कानाला लावलं, थोडा वेळ थांबली, तिचा चेहरा पडला. मग लक्षात आलं तशी उजव्या कानाला लावलं. मी तो चेहरा बघितलाय. तो आठवला की कोणी मला मोठ्या मनाने क्षमा वगैरे करण्याबद्दल सांगू नये.

पिल्लं वाढली ती डोळ्यांदेखत. तांदळाची कणी, नाचणी, शेवग्याचा पाला, काय दिसेल ते खायची. काळीच्या मागून तिच्या निम्म्याएवढी झालेली तिची पोरं धावताना बघून नंजम्मा भिंतीपलीकडून हसायची. त्यातली तीन पिल्लं सगळ्यांत दांडगी. तांबूस, जाड पायांची, आणि त्यांच्या डोक्यावर इतक्या लवकर तुरा दिसायला लागला की येणारा-जाणारा थांबून बघायचा. त्यांतलं एक तर माझ्या पायावरच चढायचं. वासही आठवतो मला, ओल्या राखेचा आणि कोंड्याचा, परसात गेलं की कपड्यांना लागणारा. शाळेत मैत्रिणी नाक मुरडायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही, मी अक्काच्या बाजूची होते.

मग एका रविवारी सकाळी अण्णा कॉफीचा पेला घेऊन परसात आले आणि निवाड्याला बसले.

अण्णांना कोंबड्या 'कळतात' अशी त्यांची ख्याती होती. ती कोणी पसरवली तर त्यांनीच. पिल्लू बघून नर की मादी, कुठल्या जातीचं, ते सांगायचे आणि लोक माना डोलवायचे, कारण चुकलं तर विचारायला कोण जाणार. त्यांची पद्धत अशी होती. पिल्लाला दोन्ही पाय धरून उलटं लटकवायचं. तडफड केली, पंख झाडले, की कोंबडा. गप्प लटकून राहिलं की कोंबडी.

 तडफडलं म्हणजे नर. मादी असेल तर गप्प लटकेल. एका माणसाने परसात उभं राहून, कॉफीच्या घोटाघोटाने, डाव्या कानात कापूस घातलेल्या बहिणीसमोर हे सांगितलं, आणि कोणालाही त्यात काही खटकलं नाही.

ती तीन पिल्लं तडफडली. सगळ्यांत दांडगी तीच होती, तडफडणारच. माझ्या पायावर चढायचं त्याने तर अण्णांच्या मनगटावर ओरखडा काढला. अण्णा म्हणाले, हे तिन्ही हुंजे. हुंजा म्हणजे कोंबडा. मनगट चोखत त्यांनी तुरा दाखवला, पाय दाखवले. एवढा तुरा आणि असले जाड पाय कोंबडीचे असतात काय. आणि जातीचं नाव काय म्हणालात, गिरिराजा. मग राजा म्हणजे कोंबडाच की, राणी असती तर गिरिराणी म्हटलं असतं. यावर सगळे हसले. नंजम्मा भिंतीपलीकडून काहीतरी बोलली, की या जातीच्या कोंबड्यांचेही पाय जाडच असतात, तुराही मोठाच येतो, नाटीच्या मापाने मोजू नका. अण्णांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

अक्का फक्त म्हणाली, "स्वल्प थांबा की, अण्णा. आत्ताच कसं कळंल."

स्वल्प म्हणजे थोडं. आमच्या मराठीत हा कन्नड शब्द इतका मुरलाय की तो परका आहे हे आम्हाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. स्वल्प मीठ घाल, स्वल्प सरक, स्वल्प थांब. अक्काने कुठलीही मोठी मागणी केली नव्हती. पिल्लं तिची होती, दाणा तिने वेचला होता, मुदत अण्णांनीच घातली होती. तिने फक्त स्वल्प मागितलं.

अण्णा म्हणाले, मला थांबायची गरज नाही. त्या दिवसापासून घरात सगळे त्या तिघांना हुंजे म्हणायला लागले. एकदा म्हटलं की झालं. आईसुद्धा म्हणायची, हुंज्यांना दाणे टाकून ये. बारकं, काळसर, अण्णांच्या हातात मेल्यासारखं लटकलेलं एक पिल्लू मात्र कोंबडी ठरलं, आणि अण्णा त्याच्याकडे बोट दाखवून अक्काला म्हणायचे, ही बघ तुझी खानावळ.

मला या ठरवण्याचाच राग आहे. पिल्लू नर की मादी हे निसर्ग स्वतःच्या वेळेने सांगतो. मानेवरची पिसं टोकदार निघाली की नर, गोल राहिली की मादी. शेपटीला बाक आला की नर. बांग दिली तर प्रश्नच मिटला. यात कुठलीही विद्या नाही, फक्त बघत राहायचं असतं. पण बघत राहायला ज्याला कमीपणा वाटतो तो आधी ठरवून टाकतो. मग पिसं गोल निघाली तरी त्याला ती टोकदारच दिसतात. माझ्याही बाबतीत लोक असंच करतात. कन्नड बोलणारा शेजारी माझं आडनाव ऐकून विचारतो, तुम्ही बेंगळूरला कधी आलात. पुण्याची मुलगी माझं मराठी ऐकून विचारते, तुम्ही मुळात कानडी का. दोघांनाही उत्तर नकोच असतं. त्यांनी मला पाय धरून लटकवून बघितलेलं असतं.

आषाढ लागला. तेच वारं. गल्लीतली पोरं गच्चीवर पतंग उडवायची आणि कटलेले पतंग शेवग्यात येऊन अडकायचे. कोंबड्यांची पिसं वाऱ्याने उलटी व्हायची तेव्हा आतली मऊ राखाडी लव दिसायची. त्या तिघांच्या मानेवरची पिसं गोल होती. मी बघितली, अक्काने बघितली, नंजम्माने भिंतीवरून वाकून बघितली. शेपट्या आखूड, सरळ. एकाही पिल्लाने तोवर बांग दिली नव्हती. अक्काने पुन्हा एकदा अण्णांना सांगितलं, की मला या तलंगा वाटतात. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. अण्णा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले की गिरिराजा उशिरा बांग देतो. हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे.

मग निरोप आला, होसकोट्याहून अक्काचे मोठे दीर येणार आहेत. बोलणी करायला. अक्काचा नवरा स्वतः आला नाही, त्याला कशाला तोंड असणार. दिरांना आखाडाचं जेवायला बोलावलं ते अण्णांनी. त्यांनी ठरवून टाकलं होतं की श्रावण लागला की अक्काला पाठवायचं. दसऱ्याची गोष्ट कोणी काढली नाही. माझ्या वडिलांनी काढली नाही, आईने काढली नाही. मी काढली, तर अण्णा म्हणाले, पुट्टी, म्हणजे पोरी, अभ्यास कर.

इथे मला एक गोष्ट ओरडून सांगावीशी वाटते, पण लिहून सांगते. अक्काचं लग्न झाल्यापासून तिला हीच माणसं थांबायला सांगत होती. स्वल्प धीर धर, सुधारेल तो. स्वल्प सोस, मूल झालं की बदलेल. ती वर्षानुवर्षं थांबली, कान फुटेपर्यंत थांबली. आणि तिने एकदा, फक्त एकदा, कोंबड्यांच्या पिल्लांसाठी स्वल्प थांबा म्हटलं, तर यांना दसऱ्यापर्यंत दम धरवला नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी अण्णांनी ते तीन 'हुंजे' धरले. अक्का खुराड्याच्या दारात उभी राहिली होती. अण्णांनी तिला हाताने बाजूला सारलं, जोरात नाही, दार उघडायला एखादी खुर्ची सरकवावी तसं. माझ्या पायावर चढणारी ती शेवटपर्यंत तडफडली. मी पाठ फिरवून नळाखाली हात धूत राहिले आणि नळ बंद करायचं मला सुचेना.

साफ करायला अक्काच बसली. घरात कोंबडी कापायचा मान पुरुषांचा आणि पिसं काढायचं, आतडी काढायचं काम बायकांचं. अक्का धुण्याच्या दगडाजवळ बसली, वारं पिसं उडवून नेत होतं, सीताफळाच्या झाडाला ती तांबूस पिसं चिकटली होती. तिने पहिलीचं पोट उघडलं आणि थांबली. दुसरीचं उघडलं. तिसरीचं. मग तिने मला हाक मारली. हळूच, नाव घेऊन.

पाठीच्या कण्याला लागून, आत, एक छोटा घोस होता. खसखशीएवढे पिवळसर दाणे, एकमेकांना चिकटलेले. तिघींच्याही पोटात. कोंबड्याच्या पोटात तिथे घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन गोळ्या असतात. अक्काने मला ते काहीच समजावून सांगितलं नाही, पण मला कळलं. यातला एकेक दाणा पुढे एकेक अंडं झाला असता. तिने बोटाच्या टोकाने तिन्ही घोस सोडवले, धुतले आणि एका बशीत ठेवले. बाकीचं मटण आत नेऊन तिने फोडणीला टाकलं. मी विचारलं, आता काय करणार. ती म्हणाली, स्वयंपाक.

श्रावणात तिला सासरी नेलं. तिथे तिची मधली सगळी वर्षं गेली. नवरा वारला तेव्हा मी नोकरीला लागले होते, मी जाऊन तिला घेऊन आले, अण्णांना विचारलं नाही. त्या श्रावणात ती सासरी गेल्यावर आठवड्याभरात, भल्या सकाळी, आमच्या परसात बांग ऐकू आली. ते बारकं काळसर पिल्लू, जे अण्णांच्या हातात गप्प लटकलं होतं, अण्णांनी ज्याला खानावळ म्हटलं होतं, ते भिंतीवर चढून मान ताणून बांग देत होतं. सगळं घर बाहेर येऊन हसलं. अण्णाही हसले, खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाले, फसवलं की यानं. त्यांच्या लेखी ती एक गंमत होती. अजूनही आहे, रघू दर आखाडाला ती सांगतो म्हणे.

किती तरी वर्षं मी विचार केला, अण्णांना खरंच कळलं नव्हतं की कळूनही त्यांनी तिची वाट बंद केली. आता मी तो विचार सोडून दिलाय. त्यांना कळायची गरजच नव्हती. जे ठरवतात त्यांना कळून घ्यावं लागत नाही, आणि हे मला कपटापेक्षा जास्त चीड आणतं. कपट करणारा निदान समोरच्याकडे नीट बघतो तरी.

मागे मी अक्काला विचारलं होतं, तुला पहिल्या दिवशीच कसं कळलं होतं गं, त्या कोंबड्या आहेत म्हणून. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मला कुठं माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणूनच थांबा म्हणाले."

आज ती हिरवी साडी नेसून, उजव्या कानाने रिक्षावाल्याचा भाव ऐकत, आखाडाला गेली. अण्णा आता अंथरुणातच असतात, तिलाच ओळखतात म्हणे, बाकीच्यांची नावं चुकतात. ती त्यांना हाताने घास भरवते हे मला रघूने सांगितलंय आणि तेव्हाही मी फोन ठेवला होता. मी इथे खिडक्या लावून बसलेय. तिचं मन मोठं असेल. माझ्यासमोर मात्र त्या वर्षीच्या आखाडाची पंगत आहे आणि ती काही केल्या उठत नाही.

सोप्यावर, पुढच्या ओसरीत, पानं मांडली होती, केळीची. मधे अक्काचे दीर, त्यांच्या उजव्या हाताला अण्णा, मग माझे वडील. वाढायला अक्का. तिने मीठ वाढलं, लिंबू वाढलं, भात, रस्सा. पाहुणे बोलत होते की झालं गेलं विसरायचं, सून आपल्या घरी बरी. अण्णा हो हो म्हणत होते. मग अक्का आत गेली आणि ती बशी घेऊन आली. अण्णांच्या पानावर, मिठाच्या शेजारी, तिने ते तीन घोस ठेवले. कच्चेच. धुतलेले, पिवळे, बारीक.

अण्णा वाकून बघायला लागले. विचारलं, हे काय, खसखस?

"अंडी आहेत, अण्णा," अक्का म्हणाली. "तुम्ही थांबला नाहीत, म्हणून ल्हान राहिली."

बाहेर वारं सुटलं होतं. माझे वडील आपल्या पानाकडे बघत होते. पाहुण्यांनी हातातला घास तसाच धरला होता. अण्णांनी ते दाणे दोन बोटांनी पानाबाहेर सारले, बोटं पुसली, आणि पाहुण्यांना अजून रस्सा वाढायला सांगितलं.

तिने वाढला.